‘अब्बांचा आवाज परत आणता येतो का?’ क्लोनिंगचे सिनेमे आणि आपली घरं

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दुपारची शिफ्ट सुटली की चहाच्या टपऱ्यांवर गर्दी होते. कागल, हुपरी, निपाणी, इचलकरंजी अशा चारी दिशांनी आलेली पोरं गाडीला किक मारायच्या आधी एक कटिंग घेतात. अशाच एका टपरीवर आम्ही बसलो होतो. फौंड्रीत काम करणारा, तिशीच्या आतला एक तरुण शेजारी येऊन बसला. आम्ही लिहितो हे त्याला ठाऊक होतं. थोडा वेळ तो मोबाईल हातात फिरवत राहिला आणि मग म्हणाला,

“एक विचारू का? सिनेमात दाखवतात तसं माणूस परत करता येतो का हो?”

त्याच्या अब्बांचा इंतकाल होऊन वर्ष झालं होतं. मरहूम अब्बांचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी मेसेज त्यानं जपून ठेवलेत. “येताना दूध आण”, “गाडी हळू चालव”, असे साधेच. भाच्यानं त्याला सांगितलं होतं, “मामू, हे मेसेज ॲपमध्ये टाकले की नाना आपल्याशी बोलतील. नवीन नवीन वाक्यं बोलतील.” अम्मी म्हणते नको, धाकटी बहीण म्हणते करूया. घरात दोन तट पडलेले.

टपरीवर बसून या प्रश्नाचं उत्तर देणं आम्हाला जमलं नाही. लिहून देतो, असा शब्द दिला होता. हा लेख म्हणजे तोच शब्द आहे.

सिनेमातली ‘नक्कल’ तीन प्रकारची

आपण ज्याला सरसकट ‘क्लोन’ म्हणतो त्यात खरं तर तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली, खरा क्लोन, म्हणजे एका जिवाच्या पेशीपासून जन्माला घातलेला दुसरा जीव. तो हाडामांसाचाच असतो. दुसरी, माणसासारखा दिसणारा यंत्रमानव. ‘रोबोट’मधला चिट्टी या प्रकारातला. तिसरी, नुसता चेहरा नाहीतर आवाज, शरीर नसलेली संगणकातली प्रतिकृती. सिनेमावाले या तिन्हींची खिचडी करतात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की सगळं एकच आहे आणि सगळं होण्यासारखं आहे.

प्रत्यक्षात पहिली गोष्ट जनावरांमध्ये होते आणि माणसात करायला मनाई आहे. दुसरी अजून अर्धीकच्ची आहे. तिसरी मात्र आपल्या खिशातल्या मोबाईलपर्यंत येऊन पोचली आहे. त्या तरुणाच्या घरातला वाद या तिसऱ्या गोष्टीवरून चाललाय.

एक पॅटर्न, दोन कास्टिंग

फौंड्रीतल्या माणसाला क्लोनिंग समजावणं सोपं आहे. पॅटर्न एकच असतो. त्यावरून वाळूत साचा काढतात, रस ओततात आणि कास्टिंग बाहेर येतं. पण एकाच पॅटर्नवरची दोन कास्टिंग शंभर टक्के सारखी निघतात का? वाळूत ओल जास्त झाली की ब्लोहोल येतात. रस थोडा गार असला तर साचा पुरता भरत नाही. पॅटर्न तोच असतो, पण माल वेगळा निघतो आणि काही माल रिजेक्टमध्ये जातो.

क्लोनिंगमध्ये पॅटर्न म्हणजे डीएनए. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी डॉली नावाची मेंढी जन्मली. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतली पेशी घेतली. दुसऱ्या मेंढीच्या बीजांडातलं केंद्रक काढून टाकलं आणि तिथं त्या पेशीचं केंद्रक बसवलं. मग तो गर्भ तिसऱ्या मेंढीच्या पोटात वाढवला. अशा २७७ प्रयत्नांतून जिवंत कोकरू एकच हाती लागलं. फौंड्रीच्या भाषेत सांगायचं तर २७६ रिजेक्शन. हा आकडा ऐकून तो तरुण हसला असता. म्हणाला असता, “आमच्यात एवढं रिजेक्शन झालं तर सुपरवायझर घरी पाठवतोय.” पण इथं रिजेक्शन लोखंडाचं नसतं, जिवाचं असतं. माणसाच्या बाबतीत हा प्रयोग करू नये याचं पहिलं कारण हेच आहे.

आपल्याकडंही हे काम झालेलं आहे. हरियाणातल्या करनालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये म्हशीचं पहिलं क्लोन रेडकू जन्मलं. ते थोडेच दिवस जगलं. त्याच वर्षी जूनमध्ये ‘गरिमा’ जन्मली. एप्रिल २००९ मध्ये दुबईत ‘इंजाझ’ ही जगातली पहिली क्लोन केलेली उंटीण जन्मली. त्या कामामागे डॉ. निसार अहमद वानी हे काश्मिरी शास्त्रज्ञ होते. मार्च २०१२ मध्ये काश्मीरच्या कृषी विद्यापीठात डॉ. रियाझ अहमद शाह यांच्या पथकानं पश्मिना बकरीचा क्लोन जन्माला घातला. तिचं नाव ठेवलं ‘नूरी’. आपल्या पोरांना ही नावं ठाऊक असायला हवीत.

आता सर्वात कामाची गोष्ट. अमेरिकेत टेक्सासमध्ये २००१ च्या डिसेंबरात पहिलं क्लोन मांजर जन्मलं. ज्या मांजरीपासून ते केलं तिच्या अंगावर काळे, पांढरे आणि नारिंगी असे तीन रंग होते. क्लोनच्या अंगावर नारिंगी ठिपकासुद्धा नव्हता. डीएनए तोच, पण अंगावरचे रंग वेगळे. मग स्वभाव, आवाज, आठवणी यांची तर गोष्टच सोडा. जुळी भावंडं आपल्या मोहल्ल्यात असतातच. एकाच गर्भापासून झालेले जुळे म्हणजे निसर्गानं केलेले क्लोनच. तरी त्यांच्या बोटांचे ठसे वेगळे असतात. एक हाफिज होतो, दुसरा क्रिकेटच्या मागे लागतो. अम्मीला विचारा, दोन्ही पोरं एकसारखी आहेत का. ती म्हणेल, “अजिबात नाही!”

म्हणजे कुणाचा क्लोन केलाच, तरी जन्माला येईल ते तान्हं बाळ. त्याला “गाडी हळू चालव” हे वाक्य ठाऊक नसेल. ते आपल्या अब्बांना ओळखणारही नाही, कारण ते अब्बा नसतीलच.

सिनेमे कुठं चुकतात, कुठं बरोबर असतात

‘द सिक्स्थ डे’ या २००० सालच्या सिनेमात माणसाचा तयार, मोठ्या वयाचा क्लोन निघतो आणि त्यात जुन्या आठवणीही भरल्या जातात. विज्ञानात असं काही होत नाही. आठवणी डीएनएमध्ये नसतात. २००५ चा ‘द आयलंड’ यात श्रीमंतांना अवयव मिळावेत म्हणून माणसांचे क्लोन पाळून ठेवलेले दाखवले आहेत. त्यातलं तंत्र कल्पनेतलं आहे, पण प्रश्न खरा आहे. एका जिवाचा वापर दुसऱ्याचा ‘स्पेअर पार्ट’ म्हणून करायचा का? काझुओ इशिगुरो यांच्या कादंबरीवरचा २०१० चा ‘नेव्हर लेट मी गो’ हाच प्रश्न हळू आवाजात विचारतो. त्यातली क्लोन मुलं तुमच्या-आमच्या मुलांसारखी शाळेत जातात, चित्रं काढतात, भांडतात, जीव लावतात. बघताना मनात येतं, यांच्यात काय कमी आहे?

मुस्लिम कुटुंबांना जवळची वाटेल अशी एक मालिका ब्राझीलमध्ये झाली, ‘ओ क्लोन’. १ ऑक्टोबर २००१ ला ती तिथल्या टीव्हीवर सुरू झाली. न्यूयॉर्कच्या हल्ल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. कथा रिओ आणि मोरोक्कोतलं फेज शहर यांच्यात फिरते. नायिका जादे ही मोरोक्कन मुस्लिम घरातली. जुळ्या भावांपैकी एक अपघातात मरतो. त्याच्यावर जीव असलेला डॉक्टर दु:खात वेडा होतो आणि उरलेल्या भावाच्या पेशीपासून गुपचूप क्लोन करतो. ज्या बाईच्या पोटात तो वाढतो तिलाही हे ठाऊक नसतं. पोरगा मोठा झाल्यावर गोंधळ सुरू होतो. याची आई कोण? जिनं नऊ महिने पोटात वाढवलं ती, की जिच्याशी डीएनए जुळतो ती? ज्याच्यापासून केला तो याचा बाप की भाऊ? मालिकेत डॉक्टरचा मित्र असलेले अली चाचा त्याला हेच वारंवार समजावतात.

शरीयत आणि कायदा काय म्हणतात

अली चाचांचा मुद्दा म्हणजे आपल्याकडचा ‘नसब’. बाप कोण, आई कोण यावर निकाह कुणाशी चालतो, कुणाशी नाही, विरासत कुणाला किती, सांभाळायची जबाबदारी कुणाची, हे सगळं ठरतं. नसब गोंधळला की हे सगळं कोसळतं.

डॉलीची बातमी १९९७ च्या फेब्रुवारीत जगाला कळली. त्याच वर्षी जून-जुलैत जेद्दा इथं आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या दहाव्या बैठकीत उलेमा आणि डॉक्टर एकत्र बसले. ठराव असा झाला की माणसाचं क्लोनिंग नाजायज. नवरा-बायकोच्या नात्यात तिसऱ्या कुणाचं गर्भाशय, बीजांड, बीज किंवा क्लोनची पेशी आणायलाही मनाई. मात्र झाडंझुडपं, सूक्ष्मजीव आणि जनावरं यांच्यात, लोकांच्या फायद्यासाठी आणि शरीयतच्या हद्दीत, हे तंत्र वापरायला मुभा. विज्ञानाला सरसकट नकार नाही आणि सरसकट होकारही नाही, हे इथं ध्यानात घ्यायला हवं. नूरी चालते, माणूस चालत नाही.

दुनियेचा कायदाही साधारण तिथंच येऊन थांबला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २००५ मध्ये मानवी प्रतिष्ठेला बाधा आणणारं क्लोनिंग थांबवा, असं जाहीरनाम्यातून देशांना सांगितलं. भारतात मूलपेशी संशोधनाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत माणूस जन्माला घालण्यासाठीच्या क्लोनिंगला मनाई आहे. २००२ च्या डिसेंबरात एका पंथाच्या कंपनीनं मानवी क्लोन जन्मल्याचा दावा करून जगभर खळबळ उडवली होती. पुरावा मात्र एकही दिला नाही.

कामगाराची नक्कल

एमआयडीसीतल्या माणसानं बघावेत असे दोन सिनेमे आहेत. ‘रोबोट’ हा शब्दच मुळात कामगारांचा आहे. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून तो जगात पसरला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगारी. त्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नव्हते. कारखान्यात बनवलेली, माणसासारखीच माणसं होती ती. पगार नको, सुट्टी नको, तक्रार नको.

१९२७ च्या जर्मन ‘मेट्रोपोलिस’मध्ये मारिया ही कामगारांची लाडकी. ती त्यांना धीर धरायला सांगते. शहराचा मालक शास्त्रज्ञाकरवी तिच्यासारखी हुबेहूब यंत्रबाई तयार करून घेतो. ती कामगारांना भडकवते, आणि कामगार स्वत:च्याच वस्तीवर संकट ओढवून घेतात. ओळखीच्या चेहऱ्यावर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं, हे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या मूकपटात दाखवलंय. आज खोट्या व्हिडिओवरून दोन समाजांत आग लावण्याचे उद्योग चालतात तेव्हा हा सिनेमा फार जुना वाटत नाही.

दुसरा २००९ चा ‘मून’. चंद्रावरच्या खाणीवर सॅम बेल नावाचा एकटा कामगार, तीन वर्षांच्या काँट्रॅक्टवर. घरी बायको आणि छोटी मुलगी. काँट्रॅक्ट संपत आलंय, आता घरी जायचं. एका अपघातानंतर त्याला कळतं की तो स्वत:च क्लोन आहे. कंपनीनं तळघरात असे कितीतरी सॅम ठेवलेत. एकाची तीन वर्षं भरली की दुसऱ्याला उठवायचं. घरच्या आठवणीही भरलेल्या, उसन्या. नवीन माणूस पाठवायचा आणि शिकवायचा खर्च वाचला.

आम्ही टपरीवर ही गोष्ट सांगितली तेव्हा पलीकडच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “म्हणजे आमचं काँट्रॅक्टच की. नाव बदलतंय, टोकन नंबर तोच.” सगळे हसले, पण कुणी त्यावर पुढं बोललं नाही. कुठलंही विज्ञान आलं तरी विचारायचा प्रश्न एकच असतो, याचा फायदा कुणाला आणि किंमत कोण मोजणार? ‘मून’मधला सॅम हाच प्रश्न विचारतो.

आवाजाची नक्कल

नक्कल करण्याची हौस सिनेमाइतकीच जुनी. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोघांचीही कामं केली. तो आपल्या सिनेमातला पहिला डबल रोल मानला जातो. पुढं दिलीपकुमार म्हणजे युसुफखान यांनी १९६७ च्या ‘राम और श्याम’मध्ये एक भित्रा आणि एक बेधडक असे दोन जण उभे केले. आपल्या मराठीत १९९३ च्या ‘झपाटलेला’त गुंडाचा जीव बाहुल्यात शिरला आणि तात्या विंचूनं एक पिढी घाबरवली. २०१० च्या ‘रोबोट’मध्ये रजनीकांत यांनी शास्त्रज्ञही केला आणि त्यानं स्वत:च्या चेहऱ्याचा बनवलेला यंत्रमानवही. हे रजनीकांत मूळचे बंगळुरूच्या मराठी घरातले, शिवाजीराव गायकवाड. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. पडद्यावरची नक्कल जिवंत नट स्वत: उभा राहून, स्वत:च्या मर्जीनं करत होता.

आता नटाची गरज उरली नाही. संगणकाला आवाजाचा नमुना दिला की तो त्या आवाजात काहीही बोलतो. २०२४ च्या ‘लाल सलाम’ या तमिळ सिनेमात ए. आर. रहमान यांनी एका गाण्यासाठी शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दोन मरहूम गायकांचे आवाज एआयनं तयार केले. शाहुल हमीद १९९७ मध्येच गेले होते. टीका झाली तेव्हा रहमान यांनी सांगितलं की दोन्ही कुटुंबांची परवानगी घेतली आणि त्यांना मानधनही दिलं. कुणाला ते पटलं, कुणाला नाही. पण परवानगी मागायची असते आणि आवाजाचा मोबदला घरच्यांचा असतो, एवढं तरी त्यातून दिसलं.

जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला. परवानगीशिवाय कलाकाराचा आवाज एआयनं बनवणं हा त्याच्या हक्कावर घाला आहे, असं म्हटलं. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयातून असंच संरक्षण मिळालं. म्हणजे कलाकाराच्या आवाजावर त्याचा हक्क आहे, हे आपल्या न्यायालयानं अंतरिम आदेशांत मान्य केलं आहे. नामवंतांचा आवाज त्यांचा, तर फौंड्रीतल्या कामगाराच्या अब्बांचा आवाज कुणाचा? तोही त्यांचाच.

मग त्या घरानं काय करावं?

‘ब्लॅक मिरर’ मालिकेच्या २०१३ मधल्या एका भागात नवरा गेलेली बाई त्याच्या जुन्या मेसेजांवरून बनवलेल्या नकलेशी बोलू लागते. आधी लेखी, मग फोनवर, मग हुबेहूब पुतळाच घरी येतो. सुरुवातीला बरं वाटतं. मग तिच्या लक्षात येतं की हा भांडत नाही, चिडत नाही, सांगेल ते ऐकतो. तिचा नवरा असा नव्हताच. शेवटी त्याला ठेवताही येत नाही आणि टाकताही येत नाही. २०२१ च्या ‘स्वान साँग’मध्ये महेरशाला अली हा मुस्लिम अभिनेता मरणाच्या दारात असलेल्या बापाचं काम करतो. बायको-पोरांना दु:ख नको म्हणून स्वत:च्या जागी क्लोन पाठवायचा, आणि घरच्यांना सांगायचंच नाही, असा प्रस्ताव त्याच्यासमोर असतो. बघताना मन विचारत राहतं, प्रेमापोटी केलेली फसवणूक ही फसवणूकच ना?

आम्ही मुफ्ती नाही. मरहूमच्या आवाजाबद्दलचा दीनी मसला आपल्या मशिदीच्या आलिमांना विचारावा. व्यवहाराच्या चार गोष्टी मात्र सांगू शकतो.

पहिली, जुने खरे मेसेज आणि नवीन बनवलेली वाक्यं यांत फरक आहे. खरे मेसेज ही आठवण. नवीन वाक्यं अब्बांनी कधी म्हटलेलीच नाहीत. ती त्यांच्या तोंडी घालणं म्हणजे जो माणूस हरकत घेऊ शकत नाही त्याच्या नावानं बोलणं.

दुसरी, फुकट ॲपमध्ये टाकलेला आवाज पुढं कुठं जाईल, यावर आपला ताबा राहत नाही. उद्या त्याच आवाजात एखाद्या नातेवाइकाला फोन येऊ शकतो.

तिसरी, असे फोन जिवंत माणसांच्या आवाजातही येतात. “अम्मी, ॲक्सिडेंट झालाय, लगेच पैसे टाक” असं पोराच्या आवाजात कुणी म्हटलं तरी घाबरून पैसे पाठवू नका. फोन ठेवा आणि पोराच्या नेहमीच्या नंबरवर स्वत: लावा. तो लागला नाही तर त्याच्या दोस्ताला किंवा कंपनीच्या गेटवर विचारा. घरातल्या घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, बाहेरच्याला न कळणारा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

चौथी, घरात एकाचाही नकार असेल तर थांबा. अम्मीचं ‘नको’ हे अडाणीपणाचं नाही. चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याची नक्कल तिला नको असेल, तर तो तिचा हक्क आहे.

हे सगळं आम्ही त्या तरुणाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मेसेज दुसऱ्या मोबाईलमध्ये पण घेऊन ठेवतो. हा पडला-बिडला तर जातील सगळे.” ॲपचं काय केलं, ते आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं एक मेसेज आम्हाला पुढं पाठवला. पाच-सहा सेकंदांचा. मागं कुठंतरी गाडीचा हॉर्न, पोरांचा दंगा, आणि अब्बा म्हणतायत, येताना दूध आण.